दीड पाव

मंगळवारी आणि शुक्रवारी मी सेराल्बीनाला पाव नेते.
खालच्या गावापासून एकोणीस वळणं.
अकराव्या वळणावर दरड कोसळली त्याला सहा वर्षं झाली,
तिथे नगरपालिकेने लाल-पांढरी पट्टी बांधली,
आता त्या पट्टीचीही लक्तरं झालीत.
चर्चपाशी गाडी उभी करून तीनदा हॉर्न देते.
घंटा ओढणारं कुणी उरलं नाही,
तेव्हा तुझा हॉर्न हीच घंटा, असं झेलिंदा म्हणते
आणि छातीवर क्रूस काढल्यासारखं करून हसते.

धुराडी मोजली तर बावीस.
धूर निघतो चारांतून.
मला माणसं ठाऊक ती पावावरून:
झेलिंदाला करपलेली बाजू हवी, तोंडात दात नसूनही.
फेदोरा मास्तरीण शिळा मागते, सूपात घालायला,
पैसे मात्र ताज्याचे देते.
ओरेस्ते एक घेतो, अख्खा, वर न बघता.
दुइल्यो अर्धा.
उरलेला अर्धा माझ्यासोबत घाट उतरतो.
आमच्याकडचा पाव बिनमिठाचा,
का, ते कुणी धड सांगत नाही;
जिभेला सवय झाली की मीठच परकं वाटतं.

ओरेस्ते आणि दुइल्यो एकतीस वर्षं बोलत नव्हते.
कारण, बांधावरचा एक अक्रोड.
तो बर्फाच्या ओझ्याने पडला, त्यालाही पंधरा वर्षं झाली,
अबोला उभाच.
दारं समोरासमोर. बाक एकच, दोघांचा:
सकाळी दुइल्यो, उन्हं कलली की ओरेस्ते.

ऑक्टोबरात दुइल्योने धुराची खोली पेटवली.
वर फळ्यांच्या फटींवर चेस्टनट, गुडघाभर,
खाली विस्तव, गेल्या सालच्या टरफलांनी झाकलेला.
ज्वाला नको, नुसती धग.
चाळीस दिवस, चाळीस रात्री.
विझला तर बुरशी, भडकला तर सगळंच गेलं.
या उतारावर अशा साठ खोल्या होत्या,
फेदोराच्या वहीत त्यांची नावं आहेत.
आता ही एक. बाकीच्यांत रानडुकरी वितात.

सव्विसाव्या दिवशी दुइल्यो गेला.
मला ठाऊक नव्हतं, मी अर्धा कापून आणला होता.
"काल पुरला," झेलिंदा म्हणाली.
अर्धा पाव हातात धरून मी उभी,
कापलेली बाजू वाऱ्यावर सुकत चाललेली.
ओरेस्ते आला. आपला घेतला.
मग म्हणाला, "तोही दे."
मिशा, कोट, टोपी, सगळ्याला धुराचा वास.
मी खोलीकडे पाहिलं:
छपराच्या दगडी पाट्यांमधून
धूर येतच होता.
विचारलं नाही. इथे विचारत नाहीत.

नोव्हेंबर सरेपर्यंत दीड पाव.
मधल्या एका रात्री त्याने चेस्टनट खालीवर केले म्हणे,
एकट्याने, लाकडी फावड्याने, ब्याऐंशीच्या वयात.
फेदोराने कंदील धरला आणि शिव्या ऐकल्या.
शिव्या त्याला, मातीखालच्याला:
"एवढे वेचलेस कशाला, गाढवा!"
बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं.

डिसेंबरात प्रातोहून पुतण्या आला,
पातळ तळव्यांचे बूट, किल्ली मागायला.
चक्कीवरून आलेली पिठाची पोती भिंतीशी, अकरा.
"कुणाची ही?"
ओरेस्ते बाकावर बसला होता. सकाळची वेळ.
तो थोडा सरकला,
पुतण्यासाठी की आणखी कुणासाठी, देव जाणे.
"बस," म्हणाला.
पोत्यांचं उत्तर दिलंच नाही.

एक पिशवी मला मिळाली, पावाच्या हिशोबात.
रोझमेरी पसरून मी त्या पिठाचा केक भाजला,
गोड, धुरकट, मधे थोडा कच्चा.
दाताखाली टरफलाची कपची आली.
ती गाडीच्या खणात आहे अजून,
नाण्यांमध्ये;
सुट्टे देताना कधीमधी बोटाला टोचते.